माझ्या हाताची आणि आबांच्या पायांची नोंद



पंधरा दिवस झाले, इथं काही टाकलं नाही. हरभऱ्याला दुसरं पाणी दिलं का, तुरीवर अळी किती आहे, असे बरेच मेसेज येऊन पडलेत. ती नोंद उद्या टाकतो. आज पिकाची नाही, अंगाची नोंद आहे. बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं, पण आपलं दुखणं चारचौघांत काय मांडायचं म्हणून राहत होतं. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका पोराला कडबा कटरनं मनगटावर कापलं आणि त्याचा बाप मला फोनवर म्हणाला, "रक्त थांबलं, नस वाचली." तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच.

फोटो पाहा. दोन्ही हात जमिनीवर उपडे ठेवलेत. डाव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये मांसाचा गोळा भरलेला दिसतो. उजव्या हाताला तिथं खड्डा आहे. बोटांच्या हाडांमध्ये पण घळी पडल्यात, वरून पाऊस पडून गेलेल्या उताराच्या वावरासारख्या. शेवटची दोन बोटं वाकडी राहतात, सरळ होत नाहीत. हा हात चाड्यावर धरला की मूठ आवळत नाही, करंगळीच्या बाजूनं बी गळतं. पेरणी आता ट्रॅक्टरवर होते म्हणून भागलं. पण घरामागच्या तुकड्यात तिफन चालते, तिथं मूठ धरायला आता मी नाही, घरची धरते.

झालं असं. ऑक्टोबर २०२१. सोयाबीन सोंगून पडलेलं, वर ढग. गोठ्यावरचा एक पत्रा वाऱ्यानं उचकटला होता, तो सरकवायला वर चढलो. पत्रा हातातून निसटला आणि त्याची धार कोपराच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली लागली. रक्त खूप गेलं. भावानं मोटरसायकलवर बसवून नेलं, एका ठिकाणी आठ टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. मी म्हणालो, करंगळीला मुंग्या आल्यासारखं वाटते, बोट बधिर आहे. उत्तर मिळालं, सूज आहे, उतरेल. मलाही तेच ऐकायचं होतं. गंजी झाकायची होती, थ्रेशरवाला नंबर लावून बसला होता.

आता मुख्य घोळ सांगतो, आणि हा घोळ माझ्या एकट्याचा नाही. आपल्या बोलण्यात रक्ताची ती पण नस आणि मेंदूचा निरोप नेणारी ती पण नस. डॉक्टर लोक दुसरीला मज्जातंतू म्हणतात. रक्ताची नस तुटली तर दिसते, माणूस धावपळ करतो. मज्जातंतू तुटला तर काहीच वाहत नाही. त्या दिवशी माझं रक्त थांबलं आणि मी समजलो की नस ठीक आहे. तुटलेली नस वेगळीच होती, आणि ती पाच महिने तुटलेलीच राहिली.

दिवाळी झाली, हरभरा पेरला, हळद काढायला आली. हळदीच्या वेळी लक्षात आलं की कंद मोडताना उजव्या हाताच्या चिमटीत जोर नाही. अंगठ्यानं कागद धरला आणि कुणी ओढला तर निसटून जातो. हात बारीक दिसायला लागला होता. मार्च २०२२ मध्ये अकोल्याला तपासणी झाली, सुया टोचून, करंट देऊन. कोपराजवळ मज्जातंतू पूर्ण कापलेला निघाला. महिनाअखेर नागपूरला ऑपरेशन झालं, भिंगाखाली बघून दोन टोकं शिवली. शिवणाऱ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "काका, तार जोडतो. पण तार पोचेपर्यंत मोटर चालू राहील का, ते सांगता येत नाही."

मी म्हणालो, मोटर कशी खराब होईल, तिला तर काही लागलं नाही. त्यावर त्यांनी जे सांगितलं, आणि पुढं माझ्या पुतणीनं (ती नागपूरला फिजिओथेरपी शिकते) चित्रं काढून समजावलं, ते माझ्या भाषेत लिहितो. चूक असेल तर जाणकारांनी खाली दुरुस्त करावं.

स्नायू म्हणजे बारीक धाग्यांची जुडी. पाठीच्या कण्यातून एकेक मज्जापेशी तार सोडते, ती तार स्नायूत जाऊन फुटते आणि प्रत्येक फांदी एका धाग्याला लागते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका तारेवर दहा-वीसच धागे असतात, पोटरीत हजाराच्या वर. म्हणून डोळा बारीक हलतो आणि पोटरी जोर लावते. तार तुटली की स्नायूला हुकूम मिळत नाही, एवढंच मला वाटायचं. पण तारेतून नुसता हुकूम जात नाही. ती लागलेली असते तोवरच धागा स्वतःला राखतो. ती गेली की काही दिवसांतच तो स्वतःचंच मांस मोडून खायला लागतो, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्नायूचा निम्मा भर उतरू शकतो. विहिरीतली मोटर बंद पडली तर सहा महिन्यांत जाम होते, ते आपल्याला माहीत आहे. इथं मोटर जाम होत नाही, विरघळते.

आणि पाण्याचं काय होतं ते ऐका, कारण मला सगळ्यात जास्त नवल त्याचं वाटलं. प्रत्येक धाग्याच्या भोवती तीन-चार केशवाहिन्या असतात. दहावीच्या विज्ञानात आपण नाव वाचलं होतं. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड नळी, तिच्यातून रक्ताची लाल पेशी एकामागं एक, रांगेनं जाते. याच नळ्या धाग्याला हवा आणि खाऊ देतात, कचरा बाहेर नेतात. ठिबकची लॅटरल समजा. मेन पाइप म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्या. माझ्या हाताच्या मेन पाइपला काहीच झालं नव्हतं, नाडी ठणठणीत लागत होती. पण धागा काम करेना, त्याला पाणी लागेना, तशा लॅटरल एकेक करून बंद पडत गेल्या.

पुतणी म्हणाली, सुरुवातीला उलटच दिसतं. धागे बारीक होतात म्हणून केशवाहिन्या जवळजवळ आल्यासारख्या वाटतात. विरळ पिकात दांड वाढल्यासारखे दिसतात, तसं. पण प्रत्येक धाग्यामागं मोजल्या तर त्या कमीच होत जातात. उंदराच्या पायाचा मज्जातंतू कापून शास्त्रज्ञांनी हे मोजलं आहे. सात महिन्यांत धाग्यामागच्या दहा केशवाहिन्यांतल्या जवळपास नऊ नाहीशा. त्यांच्या जागी चिवट पांढरा तंतू आणि चरबी भरते. पाटाची चारी दोन वर्षं सोडली नाही तर आधी गाळ बसतो, मग हराळी येते, मग ओळखूच येत नाही की इथून पाणी जायचं. तसंच. मग तार पोचली तरी ती लागणार कशाला?

आता हिशोब. मोठ्या माणसात शिवलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढं वाढतो, म्हणजे महिन्याला एक इंच. माझ्या जखमेपासून पंज्यातल्या त्या स्नायूंपर्यंत पट्टी लावली तर पंचवीस सेंटिमीटरच्या वर भरते. अडीचशे दिवस झाले, वर शिवणीच्या जागेतून पार व्हायला काही आठवडे. नऊ-दहा महिने धरा. आणि स्नायू तारेची वाट किती दिवस बघतो? डॉक्टरांचा अंदाज वर्ष ते दीड वर्ष, आणि जेवढा उशीर तेवढं कमी हाती लागतं. मी ऑक्टोबरलाच शिवून घेतलं असतं तर पुढच्या ऑगस्टमध्ये तार पोचली असती. मी पाच-सहा महिने सोयाबीन, हरभरा आणि हळदीत घातले. तार पोचली तेव्हा पंधरा महिने उलटून गेले होते. पेरणी चुकली की बियाणं कितीही भारी असलं तरी उपयोग नाही, हे मी या पानावर दरवर्षी लिहितो.

करंगळीला स्पर्श मात्र बऱ्यापैकी परत आला. कातडी स्नायूसारखी लवकर हार मानत नाही म्हणे. गरम तवा कळतो, काटा कळतो. हे पण थोडं नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी गावातले आम्ही पंधरा जण वरोऱ्याला आनंदवन बघायला गेलो होतो. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली उभं केलेलं काम. आपल्या विदर्भात या कामाची परंपराच आहे, वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलं, अमरावतीचं तपोवन डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली. आनंदवनात एक म्हातारेबाबा भाजीच्या वाफ्यात निंदत होते. त्यांची शेवटची दोन बोटं वाकडी, अंगठ्याजवळ खड्डा. तेव्हा मला वाटलं कुष्ठरोगानं हाताचं मांस खाल्लं. आज माझा हात बघून समजलं की तसं नसते. कुष्ठरोगाच्या जंतूला अंगाची थंड जागा आवडते, म्हणून तो कातडीच्या जवळून जाणाऱ्या मज्जातंतूंत राहतो. कोपराला आतून ठेच लागली की जी झिणझिणी करंगळीपर्यंत जाते ना, तोच मज्जातंतू त्यात सगळ्यात जास्त सापडतो. त्या बाबांचा जो बिघडला तोच माझा कापला. म्हणून दोघांचे हात सारखे. लोकांनी त्यांना गावाबाहेर काढलं असेल आणि मला सगळे विचारतात, भाऊ, कसं झालं.

त्यातून एक कामाची गोष्ट. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि जंतू मरतो. पण मज्जातंतू बिघडला असेल तर तो नुसत्या त्या गोळ्यांनी सुधारत नाही, त्याला सूज उतरवणारं वेगळं औषध लागतं, आणि ते कमजोरी आल्यापासून सहा महिन्यांच्या आत सुरू झालं तर चांगला गुण येतो. म्हणजे मुदत तिथं पण आहेच. अंगावर बधिर चट्टा असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर लाजू नका.

आता आबांकडे येतो.

आबा ८३ वर्षांचे आहेत. २०२३ च्या श्रावणात त्यांना ताप आला, दवाखाना आणि घर मिळून एकोणीस दिवस बाजेवर. ताप गेला पण आबा उठेनात. दिवाळीपर्यंत मांड्या अशा झाल्या की धोतरात पाय आहे का काठी आहे कळेना. संडासात बसले की दोघांनी उचलावं लागे. मी बघायचो आणि माझ्या हाताचा खड्डा आठवायचा. मनात म्हटलं, यांची पण तार तुटली, आता काही होणार नाही. सगळ्यांनी तेच धरलं होतं. म्हाताऱ्याचं असंच असते म्हणून बाजेजवळच ताट जायला लागलं.

पुतणी दिवाळीला आली तेव्हा तिनं आबांचे पाय तपासले आणि मला जरा झापलंच. म्हणाली, "काका, तुमचं आणि आबांचं एक नाही. तुमची तार कापली. आबांच्या तारा कमी झाल्यात, पण आहेत."

म्हातारपणात काय होते, तिनं सांगितलं. साठीनंतर कण्यातल्या त्या मज्जापेशी हळूहळू गळायला लागतात. एक गेली की तिचे धागे उघडे पडतात. मग शेजारची जिवंत तार फांदी फोडते आणि त्यातले काही धागे आपल्याकडे घेते. एक डीपी जळाली की तिची लाइन शेजारच्या डीपीवर टाकतात, तसं. काम चालते, पण लोड वाढतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा हात पाणी पिताना डचमळतो, चाल झटक्यानं बदलता येत नाही. सगळेच धागे घेतले जात नाहीत, जे राहतात ते वाळतात, आणि त्यात झटक्याचं काम करणारे जास्त जातात. ठेच लागली तर सावरायला तेच लागतात. केशवाहिन्या पण कमी होतात. हे झालं वयाचं. पण आबांच्या बाबतीत यावर अंथरुणाचं ओझं पडलं होतं. अमेरिकेत २००७ साली धडधाकट म्हाताऱ्यांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून बघितलं, तर प्रत्येकाच्या पायांचं मांस सरासरी किलोच्या आसपास उतरलं. दहा दिवसांत! आबांचे तर एकोणीस, वरून ताप, पोटात पेज.

"वयानं गेलेलं परत येत नाही, पण बाजेनं नेलेलं येते," ती म्हणाली. तार शाबूत असली की काम मागितल्यावर धागा परत जाड होतो, आणि कामाच्या धाग्याला हवा कमी पडली की तो स्वतःच सांगावा धाडून शेजारी नव्या केशवाहिन्या फुटायला लावतो. १९९० साली अमेरिकेतल्याच एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षांच्या लोकांना आठ आठवडे पायानं वजन उचलायला लावलं, तर त्यांचा पायांचा जोर दुपटीहून जास्त झाला. आकडा ऐकून मला खरं वाटेना. आबांना तर मुळीच नाही.

"मले कायले तरास देऊन राहिले बे तुम्ही? मायं झालं आता," आबा म्हणाले.

तेव्हा मला चंद्या आठवला. १९९४ साली नाल ठोकायला पाडलेला आमचा बैल. खडकाळ जागेत एका कुशीवर बराच वेळ बांधून पडला होता. उठला तर पुढचा पाय लुळा, कोपर खाली पडलेलं, खूर घासत चाले. महिनाभरात फऱ्याच्या बाजूचं मांस बसलं. लोक म्हणाले, विकून टाका. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, आतली नस दबली आहे, तुटलेली वाटत नाही, चालता ठेवा. आबांनी त्याला रोज सकाळ-संध्याकाळ पैनगंगेच्या वाळूत नेलं. वाळूत पाय उचलावाच लागतो. तीन महिने नेलं. मृगापर्यंत चंद्या औताला आला. दबलेली नस आणि तुटलेली नस यातला फरक आबांनी तीस वर्षांपूर्वी बघितला होता, मला मात्र हात घालवून समजला.

मी म्हणालो, "आबा, चंद्याला तीन महिने वाळूत कोणी नेलं?"

आबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आन मंग तुही काठी."

फेब्रुवारी २०२४ ला सुरुवात केली. आधी डॉक्टरांना हृदय आणि बीपी दाखवून घेतलं. बाजेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा घातल्या, म्हणजे उठायला उंची मिळते. हात न टेकता उठायचं, बसायचं. पहिल्या दिवशी दोन वेळा झालं, आणि आबा मला शिव्या देऊन झोपले. पंधरा दिवसांत आठ वेळा. मग एक वीट काढली. मग दुसरी. पायाला मिठाची अर्धा किलोची पुडी बांधून पाय लांब करायचा, मग किलोची. पेज बंद केली. दूध, दोन अंडी (आबा माळकरी नाहीत, बरं झालं), वाटीभर घट्ट वरण. एक गोष्ट लिहिताना लाज वाटते. तीस वर्षं सोयाबीन पिकवतो, आणि घरात सोयाबीन कधी शिजलं नव्हतं. आता पोळीच्या पिठात दळून जाते.

मध्ये दोनदा खंड पडला. उन्हाळ्यात सर्दी-खोकल्यानं आठ दिवस गेले, तेव्हा कमावलेलं निम्मं उतरल्यासारखं वाटलं. आबा पूर्वीसारखे झाले असं मी म्हणणार नाही. काठी आहे, उतारावर धरावं लागते, हात थरथरतोच. पण संडासात एकटे जातात. घरात ज्याचं म्हातारं आहे त्याला यातलं मोल कळेल.

माझ्या हाताचं असं की आता वाळलेला स्नायू परत येणार नाही. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या चालत्या स्नायूची दोरी काढून त्या बोटांना लावता येते, कुष्ठरोग्यांच्या हातांसाठी हेच ऑपरेशन वर्षानुवर्षं होत आलं आहे. पाण्याची लाइन एका वावरातून दुसऱ्यात वळवल्यासारखं. त्याला पहिल्यासारखी घाई नाही, कारण जो स्नायू घ्यायचा तो जिवंत आहे. मी म्हणालो, हळद निघाली की बघू. घरची म्हणाली, "हेच तुम्ही सोयाबीनच्या वेळी बोलला होता." तारीख घेतली आहे, मार्चची.

त्या कडबा कटरच्या पोराचं सांगायचं राहिलं. फोनवरच मी त्याच्या बापाला म्हणालो, पोराला बोटं फाकवायला सांगा, अंगठ्यानं कागद धरायला सांगा, डोळे झाकून करंगळीच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला काडी लावून बघा, कळते का. पहिल्या बोटाला कळत नव्हतं. चौथ्या दिवशी त्याचा मज्जातंतू शिवून झाला. मनगटापासून पंजा जवळच असतो, वय बावीस. टाके घालायच्या आधी ही तपासणी करायला दोन मिनिटं लागतात, आपण स्वतः करू शकतो, आणि कोपर, मनगट, गुडघ्याची बाहेरची बाजू इथं कापलं तर करायचीच. गुडघ्याच्या जखमेत पायाचा पंजा वर उचलतो का ते बघायचं.

काल संध्याकाळी आबा काठी टेकत हरभऱ्याच्या धुऱ्यापर्यंत आले. वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा. मी स्प्रिंकलरचे पाइप बदलत होतो. पाच मिनिटं उभे राहिले आणि काठीनं खालच्या कोपऱ्याकडे दाखवून म्हणाले, "तिकडं मर लागली नं, तुले दिसत नाही का?" जाऊन पाहिलं, खरंच चार-पाच झाडं पिवळी पडून माना टाकलेली. एक उपटून मधोमध चिरलं, आतून काळपट तपकिरी रेघ. त्याचे फोटो उद्याच्या नोंदीत टाकतो.